मुळशीला कोंडले कोणी?

मुळशी तालुक्याविषयी पुण्या-मुंबईच्या जाणत्या मंडळींत एक मत इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. ते मत असे : मुळशी म्हणजे सह्याद्रीने कोंडलेला मुलूख. चार महिने कोसळता पाऊस, आठ महिने उघडेबोडके डोंगर, भाताचे एक पीक आणि सावकाराच्या वहीत अडकलेले मावळे. बाहेरच्या जगाचा वारा या खोऱ्यांना पहिल्यांदा लागला तो टाटांच्या धरणाने. पुढे डांबरी रस्ता आला, त्याच्याही पुढे हिंजवडीचे आयटी पार्क आले. आणि धरणाविरुद्ध १९२१ साली उभा राहिलेला सत्याग्रह? तो शूर होता, त्यागाचा होता, पण जग न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी येणाऱ्या जगाला केलेला तो विरोध होता.

हे मत मांडणारे मुळशीचे वैरी नाहीत. बरेचसे हितचिंतकच आहेत. म्हणून तर त्याचा प्रतिवाद मुद्देसूद व्हायला हवा. माझा सिद्धान्त आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढचा पुरावा त्याच्याशी ताडून पाहता येईल. धरणापूर्वीची मुळशी जगापासून तुटलेली नव्हती. तिची कोंडी धरणानंतर झाली, आणि ती कोंडी सह्याद्रीने केलेली नाही.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. त्याच्या पाठीशी मोठी नावे आहेत. जलमार्ग जिथे जवळ तिथे उद्योग आणि व्यापार आधी वाढतात, समुद्रापासून दूरचे अंतर्भाग मागे राहतात, हा विचार ॲडम स्मिथने १७७६ सालीच मांडला. जेफ्री सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली त्याला आकडेवारीची जोड दिली. पॉल कोलियर यांनी २००७ साली लिहिलेल्या ग्रंथात, समुद्रकिनारा नसणे आणि वर शेजारी वाईट असणे हा गरिबीचा एक सापळाच मानला. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज असे ३२ भूवेष्टित विकसनशील देश आहेत; त्यांपैकी दक्षिण अमेरिकेतले दोन, बोलिव्हिया आणि पाराग्वे. त्यांचा माल परक्याच्या रस्त्याने जातो, परक्याच्या बंदरात थांबतो. हा भुर्दंड काल्पनिक नाही.

हाच तर्क मुळशीला लावला जातो आणि वरवर पाहता तो लागूही पडतो. ताम्हिणीच्या माथ्यावर काही वर्षी सहा हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. पावसाळ्यात घाटवाटा निसरड्या होऊन बंद पडत. १९२० साली मुळशी स्वतंत्र तालुकासुद्धा नव्हता; हवेलीचा एक पेटा होता. लोक कर्जात होते. धरणामुळे मुंबईच्या गिरण्यांना कोळशावाचून वीज मिळाली, हेही खरे. यांतले एकही विधान मी खोटे म्हणत नाही. माझा आक्षेप या विधानांवरून काढलेल्या निष्कर्षावर आहे.

सुरुवात नकाशापासून करू. तैलबैलाच्या दोन कातळभिंती मुळशीच्या पश्चिम कडेवर उभ्या आहेत. तिथून चौलचे बंदर सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. आणि पुणे? पन्नासाच्या पलीकडे. म्हणजे या मुलखाची पश्चिम कड पुण्यापेक्षा समुद्राला जवळ आहे. चौल हे काही आडबाजूचे कोळीवाड्याचे बंदर नव्हे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखकांना ते ठाऊक होते. सातवाहनांपासून पोर्तुगिजांपर्यंत सर्वांनी त्याच्यावर डोळा ठेवला.

प्रतिपक्ष म्हणेल, माणूस सरळ रेषेत चालत नाही, मध्ये सह्याद्रीचा कडा आहे. बरोबर आहे. मग कडा उतरायची सोय होती की नव्हती, हे पाहू. तैलबैलाहून वाघजाई घाटाने कोकणात उतरताना वाटेत वाघजाईचे ठाणे लागते आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. ही टाकी कोणासाठी खोदली? गुराख्याला झरा पुरतो. शिकाऱ्याला ओढा पुरतो. छिन्नी-हातोड्याने कातळ फोडून पाणी साठवायचा खर्च अशाच वाटेवर होतो, जिच्यावरून ओझी वाहणारी माणसे आणि जनावरे सतत चालतात. आणि घाट खाली जिथे संपतो तिथे काय आहे? ठाणाळ्याची लेणी आहेत. तेवीस लेण्यांचा हा समूह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. थोड्या अंतरावर खडसांबळ्याची लेणी आहेत. बौद्ध भिक्खू रानात राहत असले तरी त्यांची लेणी व्यापाऱ्यांच्या दानावर खोदली जात. पश्चिम घाटातली बहुतेक लेणी म्हणूनच घाटवाटांच्या तोंडाशी सापडतात. नाणेघाट, भाजे, कार्ले यांच्याबाबतीत हा नियम सगळे मान्य करतात. ठाणाळ्याला तो का लावू नये?

वाघजाई ही एकच वाट नव्हती. शेजारीच सवाष्णी घाट आहे. दक्षिणेला ताम्हिणी. पिंपरीवरून अंधारबनातून हिर्डी आणि तिथून भिऱ्याला उतरणारी वाट आज सुट्टीच्या दिवशी तरुण मंडळी हौसेने चालतात. ती हौसेसाठी पडलेली वाट नाही. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात सह्याद्रीच्या घाटवाटांची नावानिशी नोंद आहे. माथ्यावर घनगड, कोरीगड आणि कैलासगड, खाली सुधागड आणि सरसगड, हे किल्ले पाहा. निर्जन, वाट नसलेल्या रानावर पहारा ठेवायला कोणते राज्य किल्ले बांधते?

याहून ठोस पुरावा राज्यकारभाराचा आहे. भोरच्या पंतसचिवांचे संस्थान सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेले होते. भोर घाटावर, तर त्याच संस्थानातला सुधागड-पाली भाग कोकणात. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ही स्थिती होती. सह्याद्री ही दुर्लंघ्य भिंत असती तर एका छोट्या संस्थानाला तिच्या दोन्ही बाजूंना वसूल गोळा करता आला असता काय?

राहिला पावसाचा मुद्दा. चार महिने घाट बंद, म्हणून मुलूख तुटलेला, असे म्हणतात. पण त्याच चार महिन्यांत समुद्रही बंद असे! आगोटीला गलबते किनाऱ्यावर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटली जात. आषाढात वाघजाई घाट बंद होता आणि चौल बंदरही बंद होते. त्यावरून चौलला कोणी जगापासून तुटलेले म्हणत नाही. बंदराला एक न्याय आणि घाटमाथ्याला दुसरा, ही वकिली झाली, इतिहास नव्हे.

आता ज्या देशांच्या उदाहरणावर पूर्वपक्षाची सगळी इमारत उभी आहे, त्यांच्याकडे वळतो. बोलिव्हियाला समुद्र निसर्गाने नाकारला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती अशी की १८२५ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा पॅसिफिकचा किनारा त्याच्याकडे होता. अटाकामाच्या वाळवंटातल्या नायट्रेटवर कर कोणी किती घ्यायचा, या भांडणातून १८७९ साली चिलीशी युद्ध पेटले, त्यात किनारा गेला आणि १९०४ सालच्या तहाने तो गेल्यावर शिक्कामोर्तब झाले. बोलिव्हियात आजही २३ मार्चला समुद्रदिन पाळतात. तितिकाका सरोवरावर, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटर उंचीवर, त्यांचे नौदल आहे. चिलीने वाटाघाटीला बसलेच पाहिजे, अशी मागणी घेऊन हा देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१८ साली तिथे हरला. अँडीज पर्वत १८७९ च्या आधीही तिथेच होता. बदलला तो करार.

आणि किनाऱ्यापासून दूर, उंच डोंगरात असणे म्हणजे जगाबाहेर असणे, हे खरे मानायचे तर पोतोसीचे काय करायचे? चार हजार मीटर उंचीवरच्या या बोलिव्हियन शहराजवळ १५४५ साली चांदीचा डोंगर सापडला. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे दीड लाखाच्या आसपास वस्ती होती, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीची. तिथल्या खाणींत सक्तीने उतरवलेल्या मूळ रहिवाशांच्या श्रमातून निघालेले रुपे स्पेनला गेले, चीनला गेले आणि गोवे-सुरतेच्या वाटेने आपल्याकडेही आले. स्पॅनिश रियाल वितळवून मोगल टांकसाळीत रुपये पाडले जात. जगाशी इतका घट्ट जोडलेला डोंगर क्वचित दुसरा असेल. त्या जोडणीतून डोंगराच्या माणसांना काय मिळाले, हा प्रश्न वेगळा. आणि मुळशीच्या बाबतीतही तोच खरा प्रश्न आहे.

पाराग्वेचे उदाहरण तर पूर्वपक्षाच्या थेट विरोधात जाते. त्याची राजधानी असुन्सिओन १५३७ साली वसली. बुएनोस आइरेस हे समुद्राच्या तोंडचे शहर आधी एकदा वसवून सोडून द्यावे लागले होते. १५८० साली ते पुन्हा वसवले ते असुन्सिओनहून नदीने खाली आलेल्या लोकांनी. म्हणजे भूवेष्टित गावाने बंदराला जन्म दिला. आजही पाराग्वेचा बराचसा माल पाराग्वे आणि पाराना या नद्यांतून तराफ्यांवरून जातो, आणि त्या देशाचा तराफ्यांचा ताफा जगातल्या मोठ्या ताफ्यांत मोजला जातो. गुआरानी ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा घराघरांत बोलली जाते आणि १९९२ च्या राज्यघटनेने ती स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा झाली. अशा देशाला केवळ 'समुद्र नसलेला' म्हणून ओळखणे म्हणजे त्याच्या नद्यांकडे आणि माणसांकडे पाठ फिरवणे.

पुन्हा मुळशीत येतो. पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा अर्थव्यवहाराचा : शेती पोटापुरती, माणूस अडाणी, म्हणून जगाशी संबंध नाही. या मुद्द्याला उत्तर खाचरात सापडते. मुळशीचे नाव ज्या भातासाठी घेतले जात होते तो आंबेमोहोर. तो पिकवायचा कसा? उन्हाळ्यात शेण, पाला, गवत पसरून राब भाजायचा, मृगाच्या पावसात त्या राखेत रोप टाकायचे, आवण तयार झाले की गुडघाभर चिखलात चिखलणी करायची, मग लावणी. एवढे करून हा भात उताऱ्याला कमी आणि पावसावाऱ्यात लोळणारा. ज्याला फक्त घरची पोटे भरायची आहेत तो शेतकरी जाडाभरडा, भरघोस उताऱ्याचा भात लावील. सुवासाचा तांदूळ विकण्यासाठी लावतात. तो पुण्याच्या पेठांत जाई आणि पिकवणाऱ्याच्या ताटात वरकस उतारावरची नाचणी आणि वरई येई. हे न्याय्य होते असे मी म्हणत नाही. पण याला बाजारापासून तुटलेली शेती म्हणता येणार नाही. ती बाजाराने पिळलेली शेती होती.

सावकाराचेही तेच. मुळशीचे शेतकरी पुण्याच्या सावकारांच्या कर्जात होते, हे मागासपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. सावकार काय धर्मादाय म्हणून घाटमाथ्यावर पैसे पेरत होता? जिथे वसुलीला पीक आहे आणि पिकाला गिऱ्हाईक आहे, तिथेच कर्ज दिले जाते. पुण्याची पेढी आणि ताम्हिणीजवळचे खाचर यांना जोडणारा तो दोर होता. तो शेतकऱ्याच्या गळ्यात होता, हे दुर्दैव.

आणि माणसे? पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरची माणसे मुंबईला जात होती, गिरण्यांत आणि गोदीत राबत होती. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ, मुळशी, खेडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्या गिरण्यांसाठी वीज हवी म्हणून खोरे बुडवायचे ठरले, त्या गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारी माणसे याच मुलखातली होती. त्यांनी जग पाहिलेले नव्हते, असे कोण म्हणू शकेल?

या पार्श्वभूमीवर सत्याग्रहाकडे पाहा. टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला न्यायचे, कोकणातल्या भिऱ्याला पाचशे मीटरच्या वर उंचीवरून सोडायचे आणि वीज करायची, अशी योजना होती. बावन्न गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे यात उठणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांत बायका होत्या, मुले होती. काम थांबले. वर्षाअखेर ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा तुरुंग भरू लागले. वि. म. भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे दोघे या लढ्याचे प्राण. बापटांचे सेनापतिपद इथलेच. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी बांधकामाची रेल्वेगाडी अडवली, पकडले गेले, सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

इथे प्रतिपक्ष एक चपखल मुद्दा काढतो, त्याला टाळता येत नाही. पुढारी पुण्याचे होते, खुद्द जमीनदार-सावकारांचे हितसंबंध त्यात गुंतले होते, आणि भरपाईची रक्कम दिसू लागल्यावर त्यांतले बरेच बाजूला झाले. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या अभ्यासात हा पेच निर्भीडपणे उलगडला आहे. मी तो संपूर्ण मान्य करतो. पण त्यातून सिद्ध काय होते? रोख भरपाई जमिनीच्या कागदावर ज्याचे नाव त्याला गेली. कसणाऱ्याच्या हाती थोडे लागले. तेव्हा कुळाने आणि कर्जदाराने 'जान किंवा जमीन' म्हणणे हा अडाणी हट्ट होता, की हिशेब नीट कळल्याची खूण होती? मिळणारा पैसा आपल्याकडे थांबणार नाही, आणि हातातले कसते खाचर मात्र जाणार, हे ज्याला उमगले त्याला भोळा म्हणायचे?

जाता जाता एक गोष्ट. व्होरांच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात मुळशीच्या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. कॅलिफोर्नियात हेच हेची खोऱ्यासाठी जॉन म्यूर यांनी केलेली चळवळ १९१३ सालच्या आधीची, हे कोणी दाखवून देईल. दाखवावे. तिथे निसर्गप्रेमी नागरिक एका रम्य खोऱ्यासाठी लढत होते. इथे उठवले जाणारे शेतकरी स्वतः धरणाच्या पायावर बसले होते. मला पहिलेपणाच्या मानाची हौस नाही. हा फरक मात्र विसरता कामा नये.

आता मुख्य मुद्दा. धरणाने मुळशीला जगाशी जोडले म्हणतात. काय काय जोडले गेले, ते एकेक मोजू. १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले आणि वीज मुंबईला गेली. पाणी कुंडलिकेला गेले. मुळेचे पाणी निसर्गतः पूर्वेला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाणारे. ते आता भिऱ्याहून कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे चौलच्या शेजारी, अरबी समुद्राला मिळते. कोलाडला राफ्टिंगला जाणारे ज्या प्रवाहात नावा लोटतात तो भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर चालतो. मुळशीचे पाणी समुद्राला पोचले. मुळशीची माणसे?

डोंगराळ मुलखात खोऱ्याचा तळ हाच रस्ता असतो. नदीकाठाने बैल चालतात, पांधी निघतात, समोरासमोरच्या गावांत रोटी-बेटी होते, बाजार भरतो. तळ बुडाला की काय होते? उत्तम खाचरे पाण्याखाली जातात आणि उरते ती वरकस जमीन. गावे वर सरकतात, उतारावर विखुरतात. पूर्वी हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन वाड्यांमध्ये जलाशय येतो. आता होडीने जा नाहीतर मोठा वळसा घाला. घाटाकडे जाणाऱ्या वाटांचे पूर्वेकडचे तोंडच पाण्यात गेले. मग साठ-सत्तर वर्षांनी कोणी शहरातून येतो, उतारावरची विखुरलेली वस्ती पाहतो, नाचणीचे तुकडे पाहतो, रस्ता नाही म्हणतो आणि लिहून ठेवतो की हा मुलूख पहिल्यापासून तुटलेला. परिणामालाच कारण ठरवण्याचा हा दोष आहे. ज्या खोऱ्याने १९२७ पासून मुंबई उजळली, त्याच्या काठावरच्या वाड्यांवर विजेचा दिवा स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी लागला. काठावर वर सरकून बसलेल्या अनेक वस्त्यांच्या गावठाणाचा प्रश्न शंभर वर्षांनीही सुटलेला नाही. ही कोंडी कोणत्या डोंगराने केली?

पाराग्वेने हाच अनुभव राष्ट्र म्हणून घेतला. १९७३ सालच्या करारान्वये ब्राझील आणि पाराग्वे यांनी पाराना नदीवर इताइपूचे धरण बांधले. क्षमता १४,००० मेगावॉट, निम्मी वीज प्रत्येकाची. १९८२ साली जलाशय भरला तेव्हा ग्वाइराचे धबधबे, जगातल्या प्रचंड जलप्रपातांपैकी एक, त्यात बुडाले आणि गुआरानी लोकांच्या वस्त्या उठल्या. पाराग्वेने आपली न वापरलेली वीज ब्राझीललाच विकायची, तीही कराराने ठरेल त्या मोबदल्यात. २००९ साली भांडून तो मोबदला तिपटीने वाढवून घ्यावा लागला. पाराग्वेच्या या नुकसानीचे कारण समुद्राचा अभाव, असे कोणी म्हणेल काय? बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराने २००० साली पाण्याचे खासगीकरण रस्त्यावर उतरून रद्द करून घेतले. करार रद्द झाला आणि शहर चालतच राहिले.

संस्कृतीबद्दल फार लिहायची गरज नाही, पण एक अपसमज मात्र खोडायला हवा. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला आणि तेव्हापासून मुळशीचे नाव घेतले की जमीन विकून गुंडगिरीला लागलेला तरुण लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. चित्रपट तर जमीन गेल्यावर काय होते हे सांगत होता. प्रेक्षकांनी तो माणसांचा स्वभाव मानला. ज्या मुलखात पासलकर, ढमाले, मारणे या देशमुखांची खोरी नांदली, जिथे भूगावच्या आखाड्यात २०१७ साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, तिथल्या लोकांची ओळख एका गुन्ह्यावर बेतायची नाही. आणि डोंगर उघडे म्हणणाऱ्यांनी इथल्या देवराया पाहाव्यात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा पुणे जिल्ह्याच्या याच घाटमाथ्यावर त्यांना देवाच्या नावाने राखलेले जुने, घनदाट रान सापडले. कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम गावाने स्वतः केला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला. कातकऱ्यांच्या वस्त्या घाटावर आहेत तशा घाटाखालीही आहेत. त्यांच्या लेखी सह्याद्री हा एकाच घराचा उंबरा आहे.

आज हा वाद केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या हिशेबात टाटांच्या घाटमाथ्यावरच्या धरणांतून वर्षाला सरासरी ४० टीएमसीहून अधिक पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा आहे. ते पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात आणावे, अशी मागणी होत असते. पुण्याला तहान आहे, सोलापूरला तहान आहे. मागणीत तथ्य आहे. पण त्या चर्चेतही मुळशी म्हणजे एक जलाशय, त्याची क्षमता इतकी, पातळी इतकी, एवढेच बोलले जाते. 'मागास भाग, धरणाने त्याला आधीच पुष्कळ दिले आहे' हे गृहीत धरूनच सगळे बोलतात. हे गृहीत खोटे आहे, हे वर दाखवले. तेव्हा पाण्याची नवी वाटणी पूर्वेला होवो की पश्चिमेला, तिच्या मसुद्यात काठावरच्या वाड्यांचे पिण्याचे पाणी, त्यांच्या गावठाणाचा सातबारा आणि दोन्ही काठांना जोडणारे पूल आधी लिहिले पाहिजेत. सोलापूर आणि पुण्याचे टीएमसी त्यानंतर.